वायर आणि वायरा

मला औषधातलं काही कळत नाही.
मला वायर कळते.
महिन्यातून दोनदा टॉवर चढतो,
सौर पाट्यांवरचं शेवाळ पुसतो,
गांधीलमाश्यांना धूर देऊन उठवतो.
वरून नापो नदी दिसते, गढूळ, रुंद,
कुणासाठी न थांबणारी.
इक्विटोस तिच्या कितव्या वळणापलीकडे, मी मोजणं सोडलंय.
पाण्याने तीन दिवस.
वायरलेसने, एक खोकला येऊन जाईल तेवढा वेळ.

मंगळवारी नोएमी नोतेनोला आणलं.
तेरा वर्षांची. बॉल पायात असताना
गोलपुढेच मटकन खाली बसली होती.
ओठ निळे, बोटं गार.
आई म्हणाली, वायरा लागला.
आमच्या किचवात वायरा म्हणजे वारा,
पण पानं हलवतो तो नव्हे.
ओढ्याकाठी एकट्याला गाठून
छातीत बिऱ्हाड करतो, तो.

पडद्यावर डॉक्टरीण स्पॅनिशमधून विचारत होती:
ताप कधी, सांधे दुखले का, दम किती पावलांवर.
परिचर एल्विओ मध्ये बसून
इकडचे शब्द तिकडे करत होता,
आणि वायरापाशी अडला.
"आई म्हणते… हवा."
"हवा?"
"हवा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं,
जसा काही बिघाड लाइनीतच असावा.

मग छातीला स्टेथोस्कोप लागला.
स्पीकर बंद करायचा राहून गेला, माझ्याकडूनच,
आणि खोलीभर झालं:
धप्प, सूंऽऽ. धप्प, सूंऽऽ.
दार ओढून घ्यावं आणि फटीतून
घोंगावत राहावं काहीतरी, तसं.
आई उठून उभी राहिली.
"हाच," म्हणाली. "हाच तो."
पलीकडे डॉक्टरीणही गप्प होती.
मग म्हणाली, झडप मिटत नाही, रक्त मागे फिरतं.
एल्विओने याचं भाषांतर केलं नाही.
कुणी मागितलंही नाही.

"लगेच पाठवा."
लगेच.
हा शब्द माझ्या ओळखीचा आहे.
टॉवरवरून उतरतो, वायरीतून सरसर येतो,
आणि धक्क्यावर येऊन उभा राहतो,
जिथे बोट आहे, इंजिन आहे,
आणि पेट्रोलचं पिंप आहे,
काठी मारली की नगाऱ्यासारखं वाजणारं.
कागदावर ते भरलेलं आहे.
खाली सही माझी.
भरून येणार होतं, म्हणून केली.

रात्री कॅन घेऊन घरोघर फिरलो.
मास्तरांनी सोड्याच्या दोन बाटल्या दिल्या.
चर्चच्या जनरेटरमधून नळीने ओढताना
घोटभर तोंडात गेलं, अजून जिभेवर आहे.
सेगुंदो माचोआने, ज्याच्याशी माझं
हद्दीवरून चार वर्षं बोलणं नाही,
लाकडाच्या करवतीची टाकी उपडी केली,
आणि बोलला नाहीच.
पहाटेपर्यंत एकवीस गॅलन. लागतात चाळीस.
"पुढच्या गावात मागू," एल्विओ म्हणाला,
आणि दोर सोडला.

नोएमी चादरीत गुंडाळलेली.
"माझं काळीज कालच पोचलं ना तिकडे?"
"पोचलं."
"त्याला कुणी बसायला दिलं का?"
मला उत्तर सुचलं नाही.
मी तिच्या पायाशी केळ्यांचा घड सरकवला.

इंजिनाची पेके-पेके वळणाआड गेली
तेव्हा मी टॉवर चढलो.
वर काही बिघडलं नव्हतं.
बोट दोन वळणं दिसली,
तिसऱ्याला झाडं आली.
सिग्नल पूर्ण होता, सगळ्या काड्या भरलेल्या.

खिशात या महिन्याचा कागद होता.
पिंप: भरलेले.
खोडायला गेलो तर घामाने ओला,
पेन उमटेना.
गुडघ्यावर धरून
पुन्हा गिरवलं.